ठाण्याच्या दमट हवेत मध कसा ठेवावा, आणि प्रत्येक मधाची चव वेगळी का?

पाचपाखाडी

नमस्कार. आमच्या घरात सध्या तीन प्रकारचा मध आहे आणि तिन्ही तीन तऱ्हांनी वागत आहेत, म्हणून जाणकारांना विचारावे असे ठरवले.

पहिला महाबळेश्वरहून आणलेला, बाटलीवर 'जांभूळ मध' असे लिहिलेला आहे. रंगाने तो काळपट तांबूस आहे आणि गोडाच्या मागून जिभेवर किंचित कडवट-तुरट चव रेंगाळते. दुसरा शहापूरजवळ महामार्गाच्या कडेला बसणाऱ्या एका बाईंकडून घेतलेला रानमध आहे. त्यांनी तो दारूच्या रिकाम्या बाटलीत गाळून दिला होता आणि बाटलीच्या गळ्याशी मेणाचे बारीक कण अजूनही चिकटलेले दिसतात. वैशाखात घेतला तेव्हा चव सुरेख होती. आता श्रावणात मात्र त्याच्यावर पांढरट फेस आला आहे, झाकण फिरवताना फुस्स असा आवाज होतो आणि वास आंबूस येतो. तिसरा ठाण्यातल्याच एका दुकानातून घेतलेला मोहरीच्या फुलांचा मध आहे. तो मुळात फिकट पिवळा होता, पण गेल्या थंडीत रवाळ तुपासारखा घट्ट झाला आणि उन्हाळा सरला तरी पूर्णपणे पातळ झालेला नाही.

सासूबाईंचे म्हणणे असे की जो मध गोठतो त्यात साखरेचा पाक असतो, म्हणून मोहरीचा मध वापरू नये. शिवाय जांभूळ मधुमेहाला चांगले, तेव्हा जांभळाचा मध सासऱ्यांसाठी राखून ठेवावा, असेही त्या सुचवतात. पुढच्या महिन्यात नणंद बाळंतपणासाठी आमच्याकडे येणार आहे आणि घुटी उगाळायला चांगला मध हाताशी असावा, ही त्यांची आणखी एक काळजी. त्यांचा अनुभव मोठा आहे आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्याची माझी अजिबात इच्छा नाही. पण नेमके कारण समजले तर सर्वांचेच समाधान होईल. मध शीतकपाटात ठेवावा की बाहेर, काचेत की चिनीमातीच्या बरणीत, आणि चवींतला हा फरक खरोखर फुलांमुळे पडतो का, हे कृपया सविस्तर सांगावे.

सातेरी

मी बेलापूरला राहतो आणि कर्जतच्या बाजूला सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवतो, त्यामुळे चवीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. साठवणुकीबद्दल इथे माझ्याहून अधिक अधिकाराने लिहिणारी मंडळी आहेत.

मधाची चव फुलांमुळे बदलते, हे अगदी खरे आहे. मकरंद म्हणजे नुसते साखरेचे पाणी नव्हे. त्या त्या झाडाची सुगंधी द्रव्ये, आम्ले, खनिजे आणि रंगद्रव्ये त्यात अल्प प्रमाणात असतात, आणि माश्या मकरंदातले पाणी उडवून तो दाट करतात तेव्हा हा अल्प अंशही दाट होतो. आपल्या सह्याद्रीत उन्हाळ्याच्या तोंडाशी जांभूळ फुलते, त्याच्या मागेपुढे गेळा आणि हिरडा येतात, आणि पावसाळा सरता सरता कारवी येते. एखादे झाड रानात भरभरून फुललेले असताना जो मध काढला जातो त्याला त्या झाडाचे नाव देण्याची रीत आहे. माशी मात्र आपल्या वस्तीभोवतीच्या एखाद-दोन किलोमीटरच्या परिसरातले जे मिळेल ते आणते, त्यामुळे पूर्णपणे एकाच फुलाचा मध असा निसर्गात मिळत नाही. प्रयोगशाळेत मधातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात आणि सर्वसाधारणपणे ४५ टक्क्यांहून अधिक परागकण एका वनस्पतीचे आढळले तर तो त्या फुलाचा मध समजतात. तुमच्या जांभूळ मधाची तुरट-कडवट चव ही त्या मधाची ओळखच आहे, तो दोष नाही. ज्यांना ती आवडू लागते त्यांना नंतर नुसता गोड मध सपक वाटतो.

फुलाइतकाच फरक माशीमुळे आणि काढण्याच्या पद्धतीमुळे पडतो. सुश्रुतसंहितेत मधाचे जे आठ प्रकार सांगितले आहेत त्यांतले माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक हे भेद माशीच्या जातींवरूनच केलेले आहेत, यावरून हा विचार किती जुना आहे ते लक्षात यावे. आपल्याकडे पेटीत राहते ती सातेरी. उंच झाडांवर आणि कड्यांवर उघड्यावर एकच मोठे पोळे लावते ती आग्या. झुडपांत तळहाताएवढे पोळे करते ती फुलोरी. शेतांत ज्या पेट्या फिरवतात त्यांत बहुतेक वेळा मेलिफेरा ही युरोपातली माशी असते. ती भारतात १९६२ साली आजच्या हिमाचल प्रदेशातल्या नगरोटा येथे यशस्वीपणे रुजवण्यात आली. तुमचा मोहरीचा मध उत्तरेकडच्या हिवाळी शेतांतून, याच माशीने जमा केलेला असण्याची शक्यता अधिक आहे.

पेटीतला मध काढताना आम्ही चौकट हातात घेऊन आधी पाहतो. पिकलेल्या मधाचे कप्पे माश्यांनी मेणाच्या पातळ पांढुरक्या पडद्याने बंद केलेले असतात. चौकटीचा बराचसा भाग असा बंद दिसला तरच सुरीने तो पडदा खरवडून चौकट यंत्रात फिरवतो, म्हणजे पोळे न मोडता नितळ मध बाहेर येतो. चौकट आडवी धरून हलकेच झटकली आणि उघड्या कप्प्यांतून थेंब उडाले, तर तो मध अजून कच्चा आहे असे समजून चौकट पुन्हा आत ठेवतो. रानातल्या आग्याच्या पोळ्याचे असे करता येत नाही. ते पुष्कळदा सगळेच पिळले जाते, आणि त्यात पिकलेला मध, कच्चा मकरंद, परागकण आणि दुर्दैवाने कधी कधी अंडी-पिल्लांचा रसही एकत्र होतो. तुमच्या शहापूरच्या मधाला जी भरगच्च चव होती आणि आता जी आंबूस झाली आहे, त्या दोन्हींचे मूळ इथेच आहे. याचा अर्थ विकणाऱ्या बाईंनी फसवले असा मुळीच होत नाही. रात्री उंच झाडावर चढून, माश्यांचे डंख सोसून उतरवलेला तो मध असतो, आणि त्यामागच्या कष्टांची किंमत आपण शहरातले लोक फारशी देत नाही. पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून पिल्लांचा भाग तसाच ठेवण्याची पद्धत त्या लोकांपर्यंत पोहोचली तर मधही टिकेल आणि वसाहतही वाचेल.

महाबळेश्वरचा मध घेताना राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तिथेच आहे, हे लक्षात ठेवावे. त्याच तालुक्यातले मांघर हे २०२२ साली देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. प्रवासात तिकडे गेलात तर मधपाळांशी प्रत्यक्ष बोलून घ्यावे. कुठल्या महिन्यात काढला एवढे विचारले तरी फुलाचा अंदाज येतो.

कोपरखैरणे

अन्नपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी करून मी निवृत्त झालो. आपल्या तिन्ही बाटल्यांचे वर्णन इतके नेमके आहे की उत्तर देणे सोपे जाईल.

आधी गोठण्याविषयी. मधात सुमारे ३८ टक्के फ्रुक्टोज, सुमारे ३१ टक्के ग्लुकोज आणि साधारण १७ ते २० टक्के पाणी असते. एवढ्या थोड्या पाण्यात एवढे ग्लुकोज विरघळून राहणे कठीणच असते, म्हणून संधी मिळताच ते दाण्यांच्या रूपाने बाहेर पडते. ज्या मधात ग्लुकोजचे प्रमाण अधिक तो लवकर गोठतो, आणि मोहरीचा मध या बाबतीत सर्वांत पुढे आहे, सूर्यफुलाचाही तसाच. गोठण्याची क्रिया १० ते १५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान सर्वांत वेगाने होते, आणि थंडीत ठाण्यातल्या रात्रीही त्याच्या जवळपास उतरतात. म्हणजे आपला मोहरीचा मध जसा वागायला हवा तसाच वागला आहे. सासूबाईंच्या समजुतीमागेही निरीक्षण आहे, कारण घट्ट साखरेचा पाक गार झाल्यावर दाणे धरतो हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले असते. फक्त खऱ्या मधालाही तोच नियम लागू होतो. गोठला म्हणून मध भेसळीचा ठरत नाही आणि गोठला नाही म्हणून शुद्धही ठरत नाही. तो तसाच पोळीला लावून खाता येतो. पातळ हवा असेल तर झाकण घट्ट लावलेली बाटली ४० ते ४५ अंशांच्या, म्हणजे हात सहज बुडवून ठेवता येईल इतक्या कोमट पाण्यात ठेवावी आणि पाणी निवले की बदलावे. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. उष्णतेने सुगंध उडून जातो, मधातली विकरे (एन्झाइम) नष्ट होतात आणि हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल नावाचे द्रव्य वाढते. प्रयोगशाळेत मध जुना आहे की तापवलेला, हे याच द्रव्यावरून पाहतात; आपल्याकडे त्याची मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम आहे. जे परिवर्तन ३० अंशांच्या तापमानात कित्येक महिन्यांत होते ते ७० अंशांना काही तासांतच होते, यावरून कल्पना यावी.

आता आपल्या शहराच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा मुद्दा, तो म्हणजे पाणी. मध हवेतील ओलावा शोषून घेतो. साधारण १७-१८ टक्के पाणी असलेला मध सुमारे ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत पाणी घेतही नाही आणि सोडतही नाही. त्याहून हवा दमट असली की तो पाणी ओढू लागतो. ठाण्यात आषाढ-श्रावणात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि खाडीच्या बाजूच्या घरांत तर भिंतीही ओल धरतात. अशा हवेत झाकण सैल राहिले किंवा बाटली वारंवार उघडली गेली की मधाचा वरचा थर पातळ होतो. मधात नैसर्गिकरीत्या असलेले यीस्ट दाट साखरेत निपचित पडून असते. पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे गेले की ते कामाला लागते, साखरेपासून कर्बवायू आणि मद्यार्क तयार होतो आणि पुढे आंबटपणा येतो. आपण ऐकलेला फुस्स असा आवाज त्या वायूचाच आहे. आपल्या अन्नसुरक्षा मानकांत मधातील पाण्याची कमाल मर्यादा २० टक्के ठेवली आहे, ती याच कारणासाठी. आग्याच्या रानमधात अनेकदा पाणी आधीच त्याहून जास्त असते, त्यात परागकण भरपूर असल्याने यीस्टही जास्त असते, आणि दारूच्या बाटलीचे जुने झाकण हवाबंद बसत नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर पावसाळ्यात तो आंबला नसता तरच आश्चर्य वाटले असते.

त्या बाटलीचे झाकण आधी सैल करून ठेवावे, कारण आत वायू साठत राहिला तर काच फुटू शकते. आंबलेल्या मधाची मूळ चव परत येत नाही. बाटली पूर्वी कशी धुतली होती हे माहीत नसल्यामुळे तो कच्चा खाऊ नये, असे माझे मत आहे.

शीतकपाटाविषयी सरसकट उत्तर देता येत नाही आणि लोकांचा घोटाळा नेमका इथेच होतो. नीट पिकलेला, कमी पाण्याचा मध बाहेरच ठेवावा; शीतकपाटात त्याचा फायदा काही होत नाही आणि तो लवकर गोठतो. रानमध मात्र घेतल्याच्या दिवसापासून शीतकपाटातच ठेवावा, कारण साधारण ११ अंशांच्या खाली यीस्टचे काम थांबते. तो तिथे गोठला तरी हरकत नाही, पण गोठलेल्या रानमधाला बाहेर काढून ओट्यावर विसरू नये. ग्लुकोजचे दाणे बनताना फारच थोडे पाणी आपल्याबरोबर बांधून घेतात, त्यामुळे दाण्यांच्या मधला द्रव भाग आधीपेक्षा पातळ होतो आणि तिथेच आंबणे सुरू होते. शीतकपाटातून काढलेली बाटली घराच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर दमट हवेचे दव थेट मधावर जमते.

भांडे काचेचे, रुंद तोंडाचे आणि फिरकीच्या झाकणाचे असावे. चिनीमातीची बरणी दिसायला सुरेख असली तरी तिचे झाकण नुसते वर टेकलेले असते. लोणच्यावर तेलाचा थर असतो म्हणून ते चालते, मधावर असा कोणताही थर नसतो. मोठ्या बाटलीतला मध लहान बाटल्यांत अगदी गळ्यापर्यंत भरून ठेवावा आणि एका वेळी एकच उघडावी, म्हणजे बाकीच्यांना पावसाळ्याची हवाच लागत नाही. चमचा कोरडा असावा. जागा अंधारी आणि गार असावी. शेगडीलगतचे कपाट आणि शीतकपाटाचा माथा या दोन जागा घराघरांत वापरल्या जातात, आणि दोन्ही गरम असतात.

जांभूळ मधाबद्दल एवढेच, की झाड जांभळाचे असले तरी बाटलीत साखरच आहे. १०० ग्रॅम मधातून सुमारे ३०० किलोकॅलरी मिळतात. सासऱ्यांनी तो औषध म्हणून घेऊ नये. घ्यायचाच असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून, साखरेच्या हिशेबात धरूनच घ्यावा.

नेरूळ पूर्व

मी नवजात शिशुकक्षात परिचारिका आहे. वरच्या चर्चेत भर घालण्याइतके मधाचे ज्ञान मला नाही, पण धाग्यात घुटीचा उल्लेख आला आहे आणि त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देऊ नये. घुटीतून नको, सुवर्णप्राशनातून नको, जन्मल्यावर जिभेवर बोटभर चाटवणेही नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजे असू शकतात. मोठ्या माणसांच्या आतड्यांत ती रुजत नाहीत, परंतु लहान बाळाच्या आतड्यांत रुजून विष तयार करू शकतात. बद्धकोष्ठ, दूध ओढताना थकणे, क्षीण रडणे, मान आणि हातपाय सैल पडणे ही त्याची लक्षणे असतात आणि पुढे श्वासावरही परिणाम होऊ शकतो. मध शुद्ध आहे, घरचा आहे, महाबळेश्वरचा आहे, यांपैकी कशानेही हा धोका कमी होत नाही. घरी उकळूनही ही बीजे मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवावे लागते.

आमच्याकडे येणाऱ्या आज्या हे प्रेमापोटीच करतात आणि त्यांच्या काळी सगळ्यांनीच केले, हेही खरे. तरीही सासूबाईंना हे आत्ताच, नणंदबाई घरी येण्यापूर्वी शांतपणे समजावून सांगावे, कारण बाळ घरात आल्यावरच्या धावपळीत हा विषय निघाला तर वाद होतो. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध पुरे. बाळंतिणीने स्वतः मध खाल्ला तर चालतो.

पाचपाखाडी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नेरूळच्या ताईंचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग घुटीचा विषय त्यांनी स्वतःच मिटवला. जांभळाचा मध आता आम्ही बाकीचे खाऊ.

आणखी दोन शंका आहेत. भेसळ घरी ओळखता येते का? पाण्यात थेंब टाकणे, वात भिजवून पेटवणे, टिपकागदावर थेंब ठेवणे, असे उपाय सगळे सांगतात. आणि येऊरचा कारवीचा मध म्हणून एक गृहस्थ आमच्या सोसायटीत बाटल्या घेऊन येतात, तो घ्यावा का?

कोपरखैरणे

या घरगुती चाचण्यांवर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पाण्यात थेंब न विरघळता तळाशी जाणे ही दाटपणाची खूण आहे. दाट पाकही तळाशीच जातो, आणि खरा पण पातळ रानमध मात्र लवकर विरघळतो. वात पेटणे आणि टिपकागद ओला होणे हेही पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून आहे. म्हणजे या चाचण्यांत कारखान्यातला पाक उत्तीर्ण होईल आणि शहापूरच्या बाईंचा अस्सल मध नापास होईल.

भेसळ करणारेही प्रयोगशाळेच्या बरोबरीने शिकत आले आहेत. ऊस आणि मका या वनस्पती कर्बवायू वेगळ्या पद्धतीने बांधतात, त्यामुळे त्यांची साखर मिसळली तर कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे कमी-अधिक वजनाच्या कार्बन अणूंच्या प्रमाणावरून, ती ओळखता येते. तांदळापासून किंवा बीटापासून बनवलेला पाक मात्र त्या चाचणीतून निसटतो. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २२ नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतले केवळ ५ नमुने सर्व चाचण्यांत उत्तीर्ण झाले होते, आणि त्यासाठी चुंबकीय अनुस्पंदनावर आधारित (एनएमआर) चाचणी जर्मनीत करून घ्यावी लागली होती. जिथे एवढी यंत्रणा लागते तिथे आपली काडेपेटी काय सांगणार? ग्राहकाच्या हातात राहते ते इतकेच, की मध कोणी, कुठे आणि कोणत्या महिन्यात काढला हे सांगू शकेल अशा माणसाकडून घ्यावा, आणि प्रत्येक वर्षी अगदी एकाच रंगाचा, एकाच चवीचा मिळणारा मध पाहिला की थोडा विचार करावा.

सातेरी

कारवीच्या मधाबद्दल मी लिहितो, कारण तो माझ्या आवडीचा विषय आहे. कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच सामूहिक फुलते, बी धरते आणि वाळून जाते. येऊरच्या बाजूला आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ साली फुलली होती. निरनिराळ्या डोंगरांवरची वर्षे वेगवेगळी असतात, त्यामुळे कुठे ना कुठे थोडी कारवी बहुतेक वर्षी सापडते; पण एकाच डोंगराचा कारवीचा मध दर वर्षी दारात येत असेल, तर तो कारवीचा असणे शक्य नाही. खरा कारवी मध गडद आणि दाट असतो. त्याच्या शर्करांची घडण इतकी निराळी आहे की भारतीय मानकांत त्याच्यासाठी वेगळ्या मर्यादा दिल्या आहेत. इतर मधांत सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, ५ टक्क्यांपर्यंत चालते, तर कारवीच्या मधात १० टक्क्यांपर्यंत.

दुसरे असे की येऊरचे जंगल हे राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथून मध काढून विकण्यास कायद्याने परवानगी नाही. तेव्हा त्या गृहस्थांचे म्हणणे खरे असले तरी घेऊ नये आणि खोटे असले तरी घेऊ नये.

ऐरोली सेक्टर

उपयुक्त धागा. चवीसाठी एक करून पाहावे. जांभळाचा आणि मोहरीचा मध दोन लहान काचेच्या वाट्यांत घ्यावा, वाटी तळहातात धरून थोडी ऊब द्यावी आणि चाखण्याआधी वास घ्यावा. मधाची निम्मी चव नाकाला कळते. मग अगदी थोडा मध जिभेवर पसरू द्यावा आणि लगेच न गिळता शेवटी काय उरते ते पाहावे. आधी मोहरीचा, मग जांभळाचा, मध्ये कोमट पाण्याचा घोट, असा क्रम ठेवला तर गडद मधाखाली फिकट मध दबत नाही. आमच्याकडे मुलांनी हे केले आणि त्यानंतर दोन्ही मध कशाकशाबरोबर खायचे हे त्यांनीच ठरवून टाकले: मोहरीचा पोळीवर, जांभळाचा दह्यात.

सातेरी किंवा कोपरखैरणेकाकांना एक विचारायचे आहे. स्टीलच्या डब्यात मध ठेवला तर चालेल का? आणि रानमध बाटलीच्या हिशेबाने घ्यावा की वजनाने?

कोपरखैरणे

मध आम्लधर्मी असतो, त्याचे सामू मूल्य साधारण ४ च्या आसपास असते. त्यामुळे लोखंड, तांबे, पितळ आणि जस्ताचा मुलामा दिलेली भांडी वर्ज्य समजावीत. चांगल्या प्रतीचे स्टील चालते आणि मोठे मधपाळ स्टीलच्या पिंपांतच मध ठेवतात, पण घरच्या डब्याचे झाकण हवाबंद नसते, हीच अडचण आहे. काचेच्या बाटलीच्या पत्र्याच्या झाकणाला आतून गंज दिसला तर झाकण बदलावे आणि काठावरचा मध पुसून घ्यावा.

सातेरी

नेहमी वजनाने घ्यावा. मध पाण्याच्या सुमारे १.४ पट जड असतो, त्यामुळे ७५० मिलिलिटरच्या बाटलीत चांगला पिकलेला मध एक किलोपेक्षा थोडा जास्तच मावतो. तीच भरलेली बाटली घरी काट्यावर ठेवून रिकाम्या बाटलीचे वजन वजा केले आणि आकडा किलोच्या बराच खाली आला, तर मधात पाणी जास्त आहे असे समजून ती सरळ शीतकपाटात ठेवावी आणि आधी तीच संपवावी.